मे, मस्ट आणि चांदणी

माझी घोडी इंग्रजीने नेली. इंग्रजांनी नव्हे. त्यांनी मागितली होती आणि मी दिली नव्हती. इंग्रजीने नेली, आणि तीही आमच्या मेहुण्याच्या इंग्रजीने, ज्याला मी दोन वेळा जेवू घालत होतो (तो तीन वेळा जेवत असे).

धारला माझा घोड्यांचा व्यापार. बापाने मागे ठेवलं ते एक खोगीर, तेही फाटकं. बाकीचं सगळं मी या जिभेवर कमावलं. लंगडा घोडा मी सालस म्हणून विकला आहे आणि चावरा घोडा पाणीदार म्हणून. चांदणी मात्र विकायची नव्हती. सोनकच्छच्या बाजारातून आणलेलं ते मरतुकडं शिंगरू मी हाताने दूध पाजून वाढवलं. पांढरीशुभ्र, आणि माझ्याशिवाय कोणाच्या हातचा चणा खायची नाही. आमच्या घरच्या म्हणत, "एवढं कौतुक माझं केलं असतंत तर मीही पांढरी दिसले असते."

यमुनेचं, म्हणजे आमच्या मुलीचं, लग्न देवासला ठरलं. देवास म्हणजे एका गावात दोन राजे. तिथल्या माणसाला एका शब्दात दोन अर्थ दिसले तर नवल काय? व्याही दौलतराव त्यांतल्या एका दरबारात इंग्रजी टपाल लिहीत (कोणत्या ते सांगत नाही, दुसऱ्याला राग येईल). सुपारी फोडण्याआधी मानपानाची यादी करायची ही आपली रीत. दौलतराव म्हणाले, "सोयरे, यादी इंग्रजीत असू द्या."

"का? मराठीला काय झालं?"

"मराठीत तुम्ही व्यापार करता. तुमच्याकडून घोडा घेतलेली माणसं देवासलाही आहेत."

मी राग गिळला. मुलीचा बाप होतो. पण मनात म्हटलं, थांब, इंग्रजीतही तुला पाणी पाजतो. घरी येऊन मेहुण्याला, विष्णूला, बसवलं. हा मॅट्रिकला इतक्यांदा बसला होता की तिथल्या शिपायाशी त्याचा घरोबा झाला होता.

"लिही," मी म्हटलं. "मारुतीच्या दर्शनाला जाण्यासाठी नवरदेवास वधूपित्याची पांढरी घोडी द्यावी."

विष्णूने टाक वर धरला. "दाजी, मारुतीच्या दर्शनाला इंग्रजी काय?"

"गाळ तेवढं. मारुती काय इंग्रजी वाचतो?"

"बरं. आणि हे 'द्यावी' कुठलं?"

"कुठलं म्हणजे? माझं."

"तसं नव्हे. मराठीत 'द्यावी' म्हटलं की भागतं. इंग्रजीत निवड करावी लागते. मे म्हणजे हरकत नाही. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. शॅल म्हणजे होणारच, हे सरकारी."

माझे डोळे चमकले. धंद्यातला माझा नियम असा, की द्यायचं ते गाजावाजा करून द्यावं आणि मागायचं ते हळूच मागावं. म्हणजे समोरचा ओशाळतो आणि जास्त देतो. मी म्हटलं, "आपण देणार तिथे सरकारी शब्द घाल, दणदणीत. त्यांच्याकडून मागणार तिथे नरम शब्द घाल."

"दाजी, पण अर्थ..."

"घोडे मी विकतो की तू?"

मग त्याने निमूट लिहिलं. नवरदेवाला घोडी द्यावी, तिथे शॅल. जानवसघराच्या, म्हणजे वऱ्हाड उतरतं त्या घराच्या, दाराशी वधूपिता आणि घोडी नवरदेवासाठी तयार असावी, तिथे शॅल. (दोघांना मिळून एकच शॅल घातला, म्हणे इंग्रजीत चालतो.) दारही गाळलं होतं, कारण जानवसघराला इंग्रजी सापडेना. मग आपली मागणी: काम झाल्यावर घोडी परत करावी. तिथे विष्णूने अगदी हळुवार हाताने मे घातला. दौलतरावांनी यादी वाचली, आणखी एकदा वाचली, आणि हसून सही केली. तो माणूस हसताना मी त्याआधी पाहिला नव्हता. तिथेच मला कळायला हवं होतं.

लग्न लागलं. जावई चांदणीवरून मारुतीला जाऊन आला, जेवणं झाली, वऱ्हाड निघालं. पाहतो तर चांदणी त्यांच्या बैलगाड्यांच्या पुढे, झूल घालून उभी.

"सोयरे, ही इकडे राहिली," मी म्हटलं.

"राहिली नाही, निघाली." दौलतरावांनी यादी काढली. "नवरदेवास घोडी मिळेलच, असं तुम्हीच लिहिलंय. मारुती-बिरुती यात कुठे नाही."

"पुढचं वाचा! परत करावी म्हटलंय."

"मे आहे. परत करायला आम्हाला परवानगी आहे. आम्ही ती वापरत नाही."

माझा हात विष्णूच्या मानेकडे गेला. तो गाडीमागून म्हणाला, "दाजी, मी 'पण' म्हणालो होतो." मी वरात अडवणार होतो, दरबारात जाणार होतो, देवासच्या दोन्ही राजांना एकमेकांवर घालणार होतो. आमच्या घरच्यांनी उपरण्याचं टोक धरलं. "अहो, पोर अजून गाडीत नीट बसलीही नाही. घोडीपायी तिला उतरवून घेणार आहात का?"

मी वाटेतून बाजूला झालो. पण चांदणी हलेना. ओढली, चुचकारली, ती माझ्याकडे बघत ढिम्म. दौलतरावांनी पुन्हा कागद पाहिला. "बरोबर आहे. वधूपिता आणि घोडी नवरदेवासाठी तयार असतील. एकटी कशी येईल? कलम दोघांचं आहे."

अशा रीतीने मी, मुलीचा बाप, जावयाच्या घोडीचा लगाम धरून इंदूरमार्गे देवासपर्यंत चालत गेलो. डोळ्यांना धार लागली होती. रस्त्यात एक गाडीवाला म्हणाला, "मत रो भिया, छोरी तो पराई होय." मागच्या गाडीतून यमुनाही म्हणाली, "बाबा, रडू नका, मी सुखात राहीन." तिला कोणत्या तोंडाने सांगणार, की बाई, तुझी मला काळजीच नव्हती!

देवासला नवीनच पंचाईत. नातवाचं तोंड पाहीपर्यंत बापाने मुलीच्या घरचं अन्न खायचं नाही, हा आमचा कुळाचार. आणि दौलतरावांच्या घरचा चणा मी ओंजळीत धरला तरी चांदणी त्याला तोंड लावीना. ती उपाशी, मीही उपाशी. कलम दोघांचं होतं. यमुनेची पाठराखण करायला आलेला विष्णू मात्र आमच्या दोघांच्या वाटचं जेवत होता.

शेवटी दौलतराव तबेल्यात आले. घोडी दाराशी मेली तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, हे त्यांना कळलं असावं. साध्या मराठीत म्हणाले, "सोयरे, हरलो. घोडी तुम्ही न्यावी."

लगाम माझ्या हातात होता. दार उघडं होतं. शहाणा माणूस तिथूनच चालू पडला असता. मी म्हटलं, "न्यावी म्हणजे? मे की मस्ट?"

"अहो, न्या म्हणतोय ना."

"तोंडी नको. इंग्रजीत द्या. आणि मे चालणार नाही, मस्ट पाहिजे."

दौलतरावांनी कपाळावर हात मारला, पण दौत मागवली. पहिलं लिहिलं त्यात घोडीला नुसतं घोडी म्हटलं होतं. मी म्हटलं, पांढरी घाला, नाहीतर काळी गळ्यात माराल. मग कोणाची पांढरी, यावर वाद. मग वधूपिता आधी की घोडी आधी, यावर मी तो कागद फाडायला लावला. दौलतरावांनी नव्या कागदावर लिहायला घेतलं, तोच मागे कुरुमकुरुम आवाज आला.

यमुना नव्या लुगड्यात उभी होती आणि चांदणी तिच्या पदरातला चणा खात होती. लहानपणी माझ्यामागे उभं राहून तीच दुधाचं भांडं धरायची, हे मी विसरलो होतो. घोडी विसरली नव्हती.

"बाबा, खाल्लं हो तिने," यमुना म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की मी लगाम तिच्याच हाती दिला. दौलतरावांनी टाक खाली ठेवला.

तो कागद मी आणला. अजून माझ्याकडे आहे. त्यावर दि ब्राइड्स फादर मस्ट, एवढंच लिहिलेलं आहे. म्हणजे, वधूपित्याने केलंच पाहिजे. काय केलं पाहिजे, ते राहिलं. विष्णू म्हणतो, वाक्य अपुरं आहे. आमच्या घरच्या म्हणतात, मुलीच्या बापापुरतं पुरं आहे.