जागच्या जागी धावणाऱ्या गाड्या

आमच्या गॅरेजमध्ये दोन गोष्टी कितीही झाडून काढा, संपत नाहीत. एक काळी धूळ आणि दुसरे किस्से! धुळीचं खापर मुंबईतल्या घोडपदेवच्या हवेवर फोडता येतं. किश्शांचं मात्र कुणावर फोडायचं? गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण एक तरी सोडून जातो. मित्रमंडळी जमली की "मृणाल, गॅरेजचं काहीतरी सांग" अशी फर्माईश होते, आणि मग माझा चहा गार होतो.

आधी गॅरेजबद्दल सांगते. मालक नंदू गावकर, माझा कॉलेजचा मित्र. स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन हा त्याचा प्रांत. स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर, गाडी किती खाली बसवायची, वळणावर ती किती कलू द्यायची, हे सगळं तो बघतो. मी दादरची, लॅपटॉपवाली. गाडीची ताकद मोजायची आणि इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करून ती वाढवायची, हे माझं काम.

मोजायचं ते डायनोवर. डायनो म्हणजे गाडीची ट्रेडमिल! जमिनीत मोठे रोलर असतात, त्यांवर चाकं ठेवायची, गाडी पट्ट्यांनी घट्ट बांधायची आणि अॅक्सिलरेटर दाबायचा. चाकं सुसाट फिरतात, गाडी जागची हलत नाही, आणि किती हॉर्सपॉवर ते लॅपटॉपवर दिसतं. हे मशीन आणायला नंदूने गावच्या कलमांमधला आपला वाटा विकला. आता गावी गेला की स्वतःच्याच झाडाचा आंबा भावाकडे मागून खातो.

पहिल्या दिवशी डायनो सुरू केला आणि वरच्या मजल्यावरचे परबकाका धाडधाड जिना उतरून आले. गॅरेज चाळीच्या तळमजल्यावर आणि काकांची खोली बरोब्बर डायनोच्या डोक्यावर. जन्मभर लाल बस चालवून रिटायर झालेला माणूस. चाळीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "गाडी खंय जाता?"

"कुठेच नाही काका. जागेवरच असते."

"मगे इतकी बोंबलता कित्याक?"

नंदूने धावत जाऊन डायनो बंद केला.

मग चाळीची मीटिंग भरली. ठरलं असं की वर्षभर मशीन चालवून बघा. पुढच्या गणपतीआधी कमिटी येऊन आवाज ऐकेल आणि परबकाका सांगतील ते फायनल. काका 'नको' म्हणाले तर डायनो काढायचा. काढून ठेवणार कुठे? या भागात दुसरा गाळा परवडणं आमच्या बापजन्मी शक्य नाही. त्या दिवसापासून काका दिसले की नंदू उभा राहायला लागला, शाळेत हेडमास्तर वर्गात आल्यासारखा.

*

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गिरगावचे पोतनीस. जन्म ऑफिसातल्या फायलींत गेला, पण तरुणपणापासून एकच स्वप्न, टू-सीटर स्पोर्ट्स कार. रिटायरमेंट जवळ आल्यावर त्यांनी ती सेकंडहँड घेतलीच. डायनोवर चढवली, आकडा आला आणि पोतनिसांचा चेहरा पडला.

"अहो, कंपनीच्या माहितीपत्रकात तर बरेच जास्त हॉर्सपॉवर आहेत!"

मी समजावलं, "काका, ती इंजिनची ताकद. चाकापर्यंत पोचेपर्यंत गिअरबॉक्स, अॅक्सल सगळे आपापला घास काढून घेतात. पगार पीएफ, टॅक्स कापून हातात येतो ना, तसंच."

पोतनिसांना चटकन पटलं. मान डोलावत त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मग कापलेल्याचा फॉर्म सोळा मिळेल का?"

*

पुढे याच पोतनिसांनी गाडी खाली बसवून घ्यायचा हट्ट धरला. गाडी जमिनीला चिकटलेली असली की वळणावर पकड चांगली येते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. नंदू परोपरीने सांगत होता, "साहेब, तुमच्या वाडीच्या तोंडाशी केवढा स्पीड ब्रेकर आहे. पोट घासेल."

"घासू दे!"

गाडी खाली बसली आणि दिसायलाही झकास दिसायला लागली. पण पोतनीस आणि त्यांची आई दोघं बसली की स्पीड ब्रेकरवर खर्रकन आवाज यायचा. मग त्यांनी एक पद्धत बसवली. स्पीड ब्रेकर आला की गाडी थांबायची. आई दार उघडून उतरायच्या, पदर सावरत पुढे चालत जायच्या, गाडी हलकी होऊन मागून पार व्हायची आणि आई परत आत बसायच्या. देवळाला जाताना, येताना, प्रत्येक स्पीड ब्रेकरला हाच सोहळा. गिरगावात स्पीड ब्रेकर काही कमी नाहीत!

एकदा त्या गॅरेजवर आल्या तेव्हा नंदूला फार ओशाळल्यासारखं झालं. म्हणाला, "आजी, माझ्यामुळे तुम्हाला त्रास. स्प्रिंग बदलून देतो."

आजी म्हणाल्या, "हात नको लावूस! डॉक्टर रोज चालायला सांगत होते, ते या गाडीमुळे होतंय."

*

हेमंत सावंत लालबागचा. आठवडाभर नोकरी, सुट्टीला रेस ट्रॅक. अशा गाडीचं सस्पेन्शन लावताना चारही चाकांखाली वजनकाटे ठेवतात आणि ड्रायव्हरला सीटवर बसवतात, म्हणजे प्रत्येक चाकावर किती भार येतो ते कळतं. हेमंतला सुट्टी मिळेना. म्हणाला, "माझ्या वजनाचं काहीही ठेवा रे!"

बाकीचे लोक वाळूच्या गोण्या ठेवतात. आमच्या नंदूचा आतेभाऊ लालबागला मसाला कुटून देतो. त्यामुळे ड्रायव्हरच्या सीटवर कुटलेल्या मालवणी मसाल्याची पोती विराजमान झाली! वरून सीट बेल्टही लावला. काम सुरेख झालं. पण एक पोतं शिवणीत उसवलेलं होतं, हे आम्हाला कळलं नाही. हेमंतला कळलं.

ट्रॅकवरून त्याचा फोन आला. "गाडी मस्त वळते रे, पण प्रत्येक वळणावर मी शिंकतोय!"

शिंकून शिंकून तो घरी पोचला. रात्री फोन आला तो त्याच्या बायकोचा. आवाज बर्फासारखा थंड. "मृणालताई, खरं सांगा. रेसच्या नावाखाली हे कुणाकडे कोंबडी-वडे खाऊन येतात?"

*

तोच हेमंत दसऱ्यानंतर गाडी घेऊन हजर. "ताकदच गेलीये! गाडी चढावर म्हशीसारखी चालते."

डायनोवर घेतली तर खरंच, आकडा कोसळलेला. मी लॅपटॉप घेऊन बसले. सेन्सर तपासले, पेट्रोलचा दाब बघितला, मीच लिहिलेल्या सेटिंगवर शंका घेऊन ती पुन्हा पुन्हा वाचली. जेवणाची वेळ टळून गेली. मी आपली आकडेमोडीत बुडालेली आणि नंदू सारखा मागून विचारतोय, "सापडलं का?" माझं डोकं इतकं सटकलं की म्हटलं, "तू आता बोललास ना, तर तुलाच रोलरवर बांधीन!"

शेवटी त्याने मुकाट्याने एअर फिल्टर उघडला. आत झेंडू! नुसत्या पाकळ्या नाहीत, आंब्याचं एक अख्खं पानसुद्धा. दसऱ्याला हेमंतच्या घरच्यांनी गाडीला चांगला हातभर हार घातला होता, नेमका हवा आत घ्यायच्या तोंडावर. इंजिनाने तो भक्तिभावाने ओढून घेतला.

पाकळ्या काढायला लागले तर नंदूने माझा हात धरला. "कचऱ्यात नको टाकूस. निर्माल्य आहे ते."

नंतर आम्ही भिंतीवर पाटी लावली, 'दसऱ्याचा हार गाडीच्या मागील बाजूस घालावा'. दुसऱ्याच दिवशी पोतनिसांच्या आईंनी ती वाचली आणि नंदूला फैलावर घेतलं. "सायलेन्सरला हार घालू? देव धुरात बसवायचा का रे?"

पाटी उतरवली.

*

या सगळ्यात आमच्या डोक्यावर परबकाका होतेच. नंदूने काय नाही केलं! भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या. छताला जाड रबर ठोकलं. काकांची दुपारची झोप मोडू नये म्हणून तर परबकाकूंशी गुप्त करार केला. काका झोपले की काकूंनी गॅलरीत लाल पंचा वाळत घालायचा आणि उठले की काढायचा. पंचा दिसतोय तोवर डायनो बंद. करोडोंच्या गाड्यांचं आमचं वेळापत्रक एका पंच्यावर चालायचं.

एके दिवशी पंचा सकाळीच लागला तो हलेचना. गाड्यांची रांग लागली, गिऱ्हाईकं घड्याळं बघायला लागली. संध्याकाळ झाली तरी पंचा जागेवर. नंदूला भलतीच शंका आली. एवढा वेळ माणूस झोपतो का? तो धावत जिना चढला आणि हळूच दार ढकललं.

आत परबकाका खुर्चीत ताठ बसून पेपर वाचत होते. काकू लेकीकडे गेल्या होत्या आणि पंचा काढायचा विसरून गेल्या होत्या.

काकांनी चष्म्यावरून नंदूकडे बघितलं. "काय रे, आज मशीन बंद? बरा नाय काय तुका?"

*

आणि मग तो रविवार आला. गणपती तोंडावर आले होते, गल्लीत मंडपाचे बांबू पडायला लागले होते. सकाळी चाळीचे सेक्रेटरी, कमिटीची आणखी दोन माणसं आणि सगळ्यांच्या पुढे परबकाका, असे सगळे गॅरेजमध्ये उतरले. पोतनिसांची गाडी डायनोवर बांधून तयार होती. पोतनीस स्वतः कोपऱ्यात उभे. नंदूने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. वर्षभर मी त्याला काकांवरून चिडवलं, पण त्या दिवशी थट्टा सुचेना. मशीन गेलं तर तो गावी भावाला काय सांगणार होता?

मी ड्रायव्हर सीटकडे निघाले तर काकांनी हात आडवा केला. "तू रव, बाय. मी बसतंय. चालवणाऱ्याच्या कानाक किती आवाज येता ता माका बघूक व्हया."

पोतनिसांच्या तोंडून "अहो, माझी गाडी..." एवढंच बाहेर पडलं.

काकांनी चपला बाहेर काढून ठेवल्या. स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. मी खिडकीशी वाकून सांगितलं, "चौथा गिअर टाका आणि मग पूर्ण दाबा. मी हात वर केला की सोडा." सेक्रेटरींनी आधीच कानात बोटं घातली होती.

काकांनी गाडी सुरू केली. इतक्या अलगद गिअर बदलले की रोलरसुद्धा दचकला नाही. चौथा पडला. आता दाबायचं. पण काका दाबेचनात. नुसतं पावलाने गोंजारत राहिले. लॅपटॉपवर रेघ आडवीच.

नंदू ओरडला, "काका, दाबा!"

काकांनी पाय काढून घेतला. चाकं मंदावली तशी खिडकीतून मान बाहेर काढून तेही ओरडले, "असा कसा दाबू? मागे उभी ऱ्हवलेली माणसा पडतली!"

गॅरेजमध्ये कुणी हसलं नाही. नंदू खिडकीपाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, टू-सीटर आहे. मागे कोणी नाही."

काकांनी आरशात बघितलं. चांगला वेळ घेऊन बघितलं.

मग त्यांनी पुन्हा चौथा गिअर टाकला आणि दाबला. पार तळापर्यंत! गाद्या भिंतीवर थरथरल्या, पत्रे वाजले, कमिटीची माणसं दारापर्यंत मागे सरकली, पोतनिसांनी डोळे मिटून घेतले. लॅपटॉपवरची रेघ सरळ वर चढत गेली. मी हात वर केला. काकांचं लक्ष नव्हतं. मी दोन्ही हात वर केले, तेव्हा कुठे त्यांनी पाय उचलला, आणि गाडी सावकाश, एकही धक्का न देता थांबवली.

सेक्रेटरींनी कानातली बोटं काढली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "बापरे! परब, आवाज फारच आहे हो. काय कळवायचं मीटिंगला?"

काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते आणि नजर समोर.

"आवाज?" काका म्हणाले. "खंयचो आवाज?"