गोकुळची यारी समुद्रावर

पाबळच्या गोकुळला सगळे यारीवाला म्हणून ओळखत. विहीर खोदताना दगड-मुरूम वर ओढणारं यंत्र म्हणजे यारी. तिच्यावर त्याची तीस वर्षं गेली. साठ-साठ फूट खोल त्यानं माणसं सोडली, सुखरूप वर आणली. समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता.

तीन वर्षांमागं, मेच्या सुरुवातीला, जॉयसचा फोन आला. शिरूरच्या मिशन कंपाउंडातली ही मुलगी. तिच्या वडिलांची विहीर गोकुळनंच खोदलेली. आता ती टीव्हीच्या वन्यजीव कार्यक्रमात काम करत होती. कोकणातल्या एका बेटावर सुरय नावाचे समुद्रपक्षी उभ्या कड्यात अंडी घालतात, त्यांचं चित्रीकरण चाललं होतं. कॅमेरामन टोनीला कड्यावरून खाली सोडावं लागे, पण दोर सोडणाऱ्या मोटारीच्या आवाजानं पक्षी उडत आणि अंडी उन्हात उघडी पडत.

"मामा, तुमची हातानं फिरवायची जुनी यारी आहे का अजून?" तिनं विचारलं.

गोठ्यामागं पडलेली ती यारी गोकुळनं तेलपाणी करून टेम्पोत घातली. होडीत बसल्यावर त्यानं ओंजळभर समुद्राचं पाणी तोंडात घेऊन पाहिलं. खारट असतं हे ठाऊक होतं. किती, ते बघायचं होतं.

बेटावर त्यानं टोनीला विहिरीतली खूण शिकवली: दोराला एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे. वर-खाली ओरडून सांगणं बंद झालं. पहिल्या दिवशी निम्मे पक्षी उडाले, तिसऱ्या दिवशी नुसते माना वळवून बघू लागले.

टोनी वर आला की गोकुळचे प्रश्न सुरू होत. काडी न्हाई, गवत न्हाई, मग अंडं गडगडत कसं न्हाई? टोनी सांगे, दगडातल्या खोबणीत बसवलेलं असतं. पण एक प्रश्न टोनीलाही सुटेना. वर उभ्या गोकुळला दिसे की एक पक्षी सारखा समुद्रावर जातो, पोट पाण्याला घासतो आणि माघारी येतो.

"मासा तर धरत न्हाई. मंग जातो कशाला?"

टोनीची नजर कॅमेऱ्यातून अंड्यावर खिळलेली असे. हे त्यानं पाहिलंच नव्हतं.

शेवटच्या दिवशी गोकुळ म्हणाला, "मला सोडा खाली. इतकी माणसं सोडली, मी कवाच उतरलो न्हाई."

जॉयस घाबरली. त्यानं दोर, खटका, सगळं स्वतः तपासलं, यारी फिरवायचा दांडा तिच्या आणि टोनीच्या हाती दिला आणि हळूहळू खाली गेला. पाच हातांवर तो पक्षी येऊन बसला. पोटाची पिसं ओली होती. तापल्या दगडावरच्या अंड्यावर त्यांतून थेंब ठिबकत होते. गोकुळनं श्वास रोखला. मग दोन हिसके दिले.

"आई हाय ती," वर येताच तो म्हणाला. "पाणी आणती अंड्याला."

दुपारी टोनीनं तेच टिपलं. पुढं टीव्हीवर तो प्रसंग मिनिटभर दिसला. गोकुळचं नाव शेवटी इतकं भरभर सरकलं, की त्याची बायको सुलक्षणा चष्मा शोधेपर्यंत गेलंसुद्धा. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. भीमेवरही सुरय असतात. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो दौंडला जातो आणि वाळूच्या बेटासमोर, काठावर, सकाळभर बसतो. नदीतलेही पोट भिजवतात का? एकदा तसं वाटलं होतं. पण तो पक्षी मासा धरत होता की काय, हे त्याला नक्की सांगता येत नाही.