एकसष्ट सारस

आमच्या गल्लीत बाईला वय विचारत नाहीत, ऑगस्टमध्ये तिच्या दुकानावरचे सारस मोजतात. तानाबाता या ताऱ्यांच्या सणाला प्रत्येक दुकानापुढे हिरवा बांबू उभा राहतो आणि त्याला कागदाच्या सात वस्तू टांगतात. त्यातले सारस मोजूनच करायचे, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं जितकं वय तितके. त्या माणसाला आणखी आयुष्य लाभावं म्हणून. आमच्या खडावांच्या दुकानावर त्या वर्षी बहात्तर होते, म्हणजे माझा नवरा. मी सत्तरची आहे, पण बांबूवरून ते कळत नाही, हे एक बरं आहे.

समोरच्या ओगातांच्या दुकानावर त्या वर्षी त्र्याण्णव हवे होते. तोसेआजी त्र्याण्णवच्या. सहा ऑगस्टच्या सकाळी मी झाडू मारता मारता मोजले आणि माझ्या हातातला झाडू गळून पडला. एकसष्ट होते.

ओगातांचं दुकान दोरे-बटणांचं. दोन माणसं मावतील एवढंच, पण पुढची काच मोठी. त्या काचेमागे काय मांडायचं ते अडतीस वर्षं किनुए ठरवत आली. तोसेआजींची ही सून. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरात दोघीच. किनुए जे काही करायची ते दुकानातल्याच मालातून. मार्चमध्ये रिळांच्या बाहुल्या, बटणांचे चेहरे, डोक्यावर सोनेरी जरीचा मुकुट. मे महिन्यात जुन्या चेनींचे मासे. पावसाळ्यात निळ्या-जांभळ्या बटणांची फुलं, इतकी दाट की एकदा एका बाईने पाणी घालता का म्हणून विचारलं. ऑक्टोबरात केशरी लोकरीची तेंडूफळं. ऋतू यायच्या दोन पावलं आधी काच बदललेली असायची. अडतीस वर्षांत ती एक दिवस उशिरा बदललेली मी पाहिली नाही. मी तर तिची काच बघून आमच्या दुकानातल्या चपला बदलते.

आणि काटकसरी! तानाबाताच्या सात वस्तूंमध्ये एक कागदी टोपली असते. सजावट करताना फुकट गेलेला कागद तिच्यात भरून तीही टांगायची, म्हणजे किती वाया घालवलं ते गल्लीला दिसतं. आमची टोपली दरवर्षी फुगलेली असते. किनुएची सपाट, जणू कुणी इस्त्री फिरवलीय.

या सगळ्याचं कौतुक गल्लीने केलं. तोसेआजींनी कधी केलं नाही. आत खुर्चीवर बसून त्या म्हणायच्या, "दुकान चालवतेय की भातुकली खेळतेय?" सुनेला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. "ए" म्हणायच्या. किनुए "हो आई" म्हणायची आणि पुढची घडी घालायची.

त्या जुलैत किनुए दोनदा इस्पितळात जाऊन आली. पोटात गाठ निघाली. नऊ ऑगस्टला, सण उतरला की दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया, असं तिने मला स्वतः सांगितलं. आधी का नाही म्हटलं, तर म्हणाली, "सणाच्या मध्ये काच कशी रिकामी ठेवू, ताई?" डॉक्टर काय म्हणतात विचारलं, तर उघडल्यावर कळेल म्हणे. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं आणि सगळी गल्ली धास्तावली होती.

आणि आता हे एकसष्ट. किनुए फेब्रुवारीत एकसष्टची झाली होती, हे मला ठाऊक होतं, मीच तिला वाढदिवसाचा लाल भात नेऊन दिला होता. मी पुन्हा मोजले. दहा-दहांच्या सहा माळा आणि शेवटी एक एकटा. तिसऱ्यांदा मोजले तेव्हा माझे कान गरम झाले. मला त्यातून एकच अर्थ दिसला. बाई घाबरली, आणि सासू जिवंत असताना, आत खुर्चीवर बसलेली असताना, तिची वर्षं काढून स्वतःची टांगली. आमच्या गल्लीत असं कुणी केलेलं नाही. मला ते पाप वाटलं, खरं सांगते. आजारी माणसाला माफ असतं वगैरे त्या क्षणी काही सुचलं नाही. मी तशीच, पायात नवऱ्याच्या चपला अडकवून, रस्ता ओलांडला.

किनुए बांबूवर पारदर्शक कागद घालत होती, पाऊस येईल म्हणून. दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांचीही लाज धरली नाही.

"किनुए, काय गं हे?"

"काय झालं, ताई?"

"तुझी सासू कधीपासून एकसष्टची झाली?"

तिला कळेना. तिने वर बघितलं. बोट वर करून मोजायला लागली, आणि तिचा चेहरा माळेबरोबर उतरत गेला. सगळे मोजून झाल्यावर तिने पहिल्यांदा कुठे बघितलं असेल तर दुकानाच्या आत, खुर्चीकडे.

"जिवाची भीती वाटते ते समजतं मला," मी म्हणाले. माझा आवाज चढलाच होता. "पण म्हातारीच्या तोंडातलं काढून घ्यायचं? डोळ्यांदेखत?"

"ताई, हळू बोला. चुकलं माझं."

"चुकलं? बत्तीस सारस चुकतात?"

"माझंच चुकलं. मोजताना लक्ष नव्हतं. मी आत्ता करते बाकीचे, अर्ध्या तासात करते. पण तुम्ही हळू बोला, पाया पडते."

ती खरोखर वाकायला लागली. मला आणखीच राग आला, कारण ती आत ऐकू जाऊ नये म्हणून धडपडत होती. मला वाटलं, चोरी लपवतेय. मी म्हटलं, थांब, मीच उतरवते, आणि बांबूला हात घातला. तेव्हा माझ्या हाताला कागदी टोपली लागली. ती जड होती.

किनुएची टोपली आणि फुगलेली! मी आत बोटं घातली. सगळी टोपली सारसांनी भरली होती. चुरगळलेले, मान तुटलेले, एकाला तीन पंख, एकाला चोचच नाही. कागद इतक्या वेळा उलगडून पुन्हा दुमडलेला की घड्या पांढऱ्या पडल्या होत्या. एकावर चहाच्या बोटाचा डाग होता. मग मी वर टांगलेल्यांकडे नीट बघितलं. तेही वाकडेच होते. मघाशी मला वाटलं होतं, आजारपणामुळे हिचा हात गेला. पण किनुएचा हात तापातसुद्धा असा जात नाही.

"हे तू केलेले नाहीत," मी म्हणाले.

किनुएने माझ्या बोटांतला तीन पंखांचा सारस काढून घेतला. मग अगदी हळू म्हणाली, "आईंनी केलेत. मी इस्पितळात जायचे तेव्हा. म्हणाल्या, एवढं मी करते. गाठोडं बांधून दिलं, मी पहाटे न मोजता टांगलं. त्यांचं हल्ली... म्हणजे आकडे राहत नसतील डोक्यात. ताई, कुणाला सांगू नका. मी चुकले असंच म्हणा."

म्हणजे म्हातारीचं डोकं चाललं हे गल्लीला कळू नये म्हणून ही बाई माझ्या शिव्या खात उभी होती! आणि मी गिऱ्हाइकांसमोर तिला चोर ठरवून बसले होते.

"कुणाच्या डोक्यात आकडे राहत नाहीत?"

तोसेआजी दारात उभ्या होत्या. काठी टेकत त्या खुर्चीवरून दारापर्यंत कधी आल्या, ते आम्हाला कळलंच नाही. दोन वर्षांत त्या एकट्या तेवढ्या चालल्या नव्हत्या.

"चाळीस वर्षं बटणं मोजलीत मी. डझनात एक कमी आलं तर हातात घेऊनच सांगायचे. एकसष्ट केलेत, एकसष्टच करायचे होते."

"आजी, तुमची त्र्याण्णव..." मी म्हणाले.

"माझी किती ते मला सांगतेस? मीच जगलेय ना ती?"

"पण रीत घरातल्या मोठ्या माणसाची आहे."

"मग मला घरात धरू नका." त्यांनी काठी आपटली. "त्र्याण्णव झाली. आणखी मागत बसले तर देव म्हणेल, म्हातारी हावरट आहे. या पोरीला तीन दिवसांनी कापायला नेतायत. ती परत नाही आली तर माझा भात कोण लावणार? तू लावणार, सुमियो? तुझा भात तुझा नवरासुद्धा नाइलाजाने खातो."

एरवी मी सोडलं नसतं. त्या दिवशी माझी नजर खाली गेली. आजींची बोटं काठीवर होती. सांधे सुजून लाल झाले होते, आणि अंगठ्याच्या नखाखाली कागदाने कापल्याची रेघ होती. एकसष्ट टांगायला या बोटांनी किती केले असतील, मी टोपलीकडे बघून मनाशी हिशेब करायला गेले आणि सोडून दिला.

किनुए सासूकडे बघत होती. माझ्या आरोपाने ती जेवढी पांढरी पडली नव्हती तेवढी आता पडली.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला माझं वय माहीत होतं?"

"तेवीस फेब्रुवारी," म्हातारी म्हणाली. "लग्नाच्या कागदावर मीच लिहिलंय. बर्फ पडत होता आणि शाई गोठली होती."

किनुए तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसली. गिऱ्हाइकांपैकी एकीने तिला पाणी आणून दिलं. मी तिची माफी मागितली, पण तिने ती ऐकली का नाही, मला आजही माहीत नाही. तिच्या हातात तो तीन पंखांचा सारस होता.

तीन दिवस गल्लीभरचे लोक येऊन ते वाकडे सारस बघून गेले. मी दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होते, एकसष्टच बरोबर आहेत, मोजू नका.

नऊ तारखेला किनुएला नेलं. गाठ काढली, पण त्यानंतर ताप आला आणि ती आठवड्यांमागून आठवडे तिकडेच राहिली. सप्टेंबर लागला. चंद्र बघायच्या पौर्णिमेची काच कोण मांडणार, हा प्रश्न मी आजींना विचारायच्या आधीच एका सकाळी काचेमागे काहीतरी उभं राहिलेलं दिसलं. पांढऱ्या बटणांचे ससे. कान लांबडे-तोकडे, एकाचं पोट फुटून आतला कापूस बाहेर. माझ्या नवऱ्याने विचारलं, "चंद्राला डुकराची पिल्लं कशाला दाखवतायत?" मी त्याला गप्प केलं. आजी आत खुर्चीवर होत्या, हातात सुई, आणि मी आत डोकावले तर खेकसल्या, "बघतेस काय, दोरा ओवून दे."

दोन ऑक्टोबरला किनुए टॅक्सीतून उतरली. अर्धी झाली होती. डॉक्टरांनी वसंतात पुन्हा बोलावलंय, तोवर जपा म्हणाले. ती काचेपुढे थांबली आणि बराच वेळ सशांकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, चला, उद्या तेंडूफळं येणार.

आली नाहीत. पौर्णिमा होऊन गेली, खरी तेंडूफळं पिकून गळाली, ससे तिथेच. नोव्हेंबरात मी शेवटी म्हणाले, "किनुए, ऋतू कधीच गेला गं. लोक हसतायत."

"हसू देत," ती म्हणाली.

आतून आवाज आला, "काढ ते ध्यान! लाज वाटते मला!"

"तुम्ही मांडलेत, तुम्ही काढा," किनुए म्हणाली. सासूला उलटून बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

डिसेंबरच्या शेवटी तिने नव्या वर्षाची, हिरव्या दोऱ्यांची पाइनची फांदी आणली, ठरल्या तारखेला, एक दिवसही इकडे-तिकडे नाही. तिने सशांना जरा बाजूला सरकवलं आणि पाइन त्यांच्या मागे ठेवली. ससे अजून आहेत.