जाळीवरची हळद

आमच्या लेकीनं कॉम्प्युटर विकत आणला नाही, जमवला. दुकानात जावं, खोका उचलावा आणि घरी यावं, एवढी साधी गोष्ट. पण नाही! तिला गेम खेळायचे होते, आणि तेही स्वतः एकेक भाग निवडून, स्वतःच्या हातानं जोडलेल्या मशीनवर. नांदेडला शिकून आलेली पोरगी, घरी बसून लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडून देते, कमाई तिची. मी बोलणार तरी काय? तरी बोललेच. म्हटलं, "नवरा पसंत करतानाबी एवढीच चिकित्सा कर बाई." तिनं मान वर केली नाही. खाटेवर मांडी घालून मोबाईलमध्ये तिचं चाललं होतं, हा घेऊ का तो घेऊ.

मला वाटलं होतं, घरात या खुळाला कोणी साथ देणार नाही. तर मालकच तिच्या शेजारी जाऊन बसले.

मालक म्हणजे माझे यजमान. कुरुंद्याला आमच्या घराला लागून पत्र्याचं शेड आहे आणि त्यात हळद पॉलिश करायचा मोठा लोखंडी ढोल. शिजवून वाळवलेली हळद वरून काळपट, खरबरीत असते. ती ढोलात घालून मोटारीवर फिरवली की साल घासून निघते आणि आतली पिवळीधमक हळकुंडं बाहेर पडतात. साल जाते कुठं? हवेत. शिमग्यापासून पाऊस लागेपर्यंत आमच्याकडं सगळं पिवळं असतं. दोरीवरची धुणी पिवळी, भिंतीवरचं कॅलेंडर पिवळं, मांजराची पाठ पिवळी. मालकांच्या तर पापण्यासुद्धा. मी अंगणवाडीत सेविका आहे. तिथं मदतनीस बाईला मी सांगायचे, "आमच्या मालकांची लग्नातली हळद अजून उतरलीच न्हाई गं," आणि आम्ही दोघी खिदळायचो.

माणूस पक्का यंत्रातला. काहीही अडलं की पहिला उपाय फुंकर. गाडीचा प्लग काढला, फुंकर. टीव्हीचा रिमोट चालेना, फुंकर. पाण्याचा पाइप तुंबला तर एका टोकाला तोंड लावून अशी मारायचे की दुसऱ्या टोकाला उभे असलेले माझे धाकटे दीर तोंडावरचा गाळ पुसत शिव्या घालायचे. दोघं भाऊ मिळूनच शेड चालवायचे.

आणि खोकला होताच. कोरडा, पहाटेचा. सीझनला यायचा आणि पावसाळ्यात जायचा, पाहुण्यासारखा. त्या वर्षी पावसाळा आला, गेला, दिवाळी झाली, खोकला काही गेला नाही. मी रोज हळद घालून गरम दूध देत होते. खोकला झालेल्या माणसाला आपण दुसरं देतो काय?

तर हे दोघं बाप-लेक खाटेवर. ती एकेक भाग दाखवायची आणि हे विचारायचे, "हे काय करतं?"

"अप्पा, हे ग्राफिक्स कार्ड. गेममधलं समदं चित्र हेच काढतं. गवत हललं, पाणी हललं, याच्या जिवावर."

"म्हंजे आपला ढोल. आन हे?"

"पॉवर सप्लाय. लाइट घेऊन समद्यायला वाटून देतो."

"यात चिकटपणा करू नको बरं. मोटार हलकी घेतली की पुढचं समदं जळतं."

लेक माझ्याकडं बघून हसली, म्हणजे म्हाताऱ्याचं बराबर होतं. प्रोसेसर ठरला, मदरबोर्ड ठरला, रॅम ठरली. घोडं अडलं ते कॅबिनेटवर. कॅबिनेट म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं ती पेटी. एक होती काचेची, आतून रंगीबेरंगी दिवे लागणारी, आणि लेकीचा जीव तिच्यात अडकलेला. दुसरी पुढून नुसती जाळीची, काळी, दिसायला कोंबड्यांच्या खुराड्यासारखी, पण तिला पंखे जास्त आणि हवा भरपूर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कार्ड तापणार, हे लेकीलाही कळत होतं.

मालक म्हणाले, "जाळीची घे. मशीनला श्वास पायजे. दम कोंडला की कोनतंबी मशीन मरतं."

एवढं बोलले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मी ज्वारी निवडत होते. माझा हात सुपातच थांबला. का थांबला ते तेव्हा सांगता आलं नसतं, पण बरं वाटलं नाही एवढं खरं.

भाग आणायला आम्ही तिघं एसटीनं हिंगोलीला गेलो. डेपोपासून दुकान हाकेच्या अंतरावर. अर्ध्या रस्त्यात मालक एका पानपट्टीच्या बाकड्यावर बसले. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "चप्पल चावून राहिली." चप्पल जुनीच होती, पायाच्या आकाराची झालेली. मी चपलेकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. ते गाड्या बघत बसले. लेक पुढं निघून गेली होती, तिला यातलं काही दिसलं नाही.

दुकानदार चांगला माणूस. एकेक खोका उघडून दाखवला, लेकीच्या प्रश्नांना कंटाळला नाही. शेवटी विचारलं, "घरी धूळ असते का फार?"

मालक म्हणाले, "धूळ न्हाई बरं आमच्याकडं. हळद हाय नुस्ती."

दुकानदार हसला, लेक हसली, मीही हसले. मालकांना मात्र काय हसण्यासारखं आहे ते कळेना. त्यांच्या लेखी धूळ वेगळी आणि हळद वेगळी. त्यांच्याच का, आमच्या अख्ख्या गावाच्या लेखी. देवाला वाहतो, नवरीला लावतो, जखमेत भरतो, ती धूळ कशी होईल?

दुकानदारानं तरी पेटीच्या तोंडावर बसवायची एक बारीक जाळी जास्तीची दिली. म्हणाला, "काका, ही दर आठवड्याला काढून साफ करायची. तुंबली की आतलं तापतं. जास्तच तापलं तर मशीन स्वतःहून बंद पडतं, जळून जाऊ नये म्हणून."

"शहाणं हाय," मालक म्हणाले.

लेकीनं आतल्या खोलीत सगळं जोडलं. तिची खिडकी शेडकडं उघडते. मालक एकेक स्क्रू तिच्या हातात देत होते, नवरदेवाला विडा द्यावा तसे. मशीन सुरू झाल्यावर तिनं पहिल्यांदा त्यांनाच बसवलं. पडद्यावर डोंगर, हिरवं रान, वाऱ्यानं हलणारं गवत. हे त्यात भटकत राहिले, कोणाला मारणं नाही, काही नाही. मी विचारलं, "काय करून राहिले?" तर म्हणाले, "फिरून राहिलो. इथली हवा चांगली दिसून राहिली." आम्ही हसलो. मला ते वाक्य नंतर फार छळणार होतं.

शिमगा झाला, शेडपुढं हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, ढोल फिरायला लागला. दिवसभर खडखड, आणि दारं-खिडक्या लावल्या तरी जिभेवर ती कडवट चव. अशात एका दुपारी लेकीच्या खोलीतून आरडाओरड. खेळता खेळता मशीन बंद पडलं होतं. चालू केलं की थोडं चालायचं, परत बंद.

तिनं पुढची जाळी ओढून काढली. काळी जाळी कुठं दिसेचना. पिठल्याचा थर वाळावा तशी पिवळी साय चढलेली. ती तशीच जाळी धरून उभी राहिली. "आई, मी परवा साफ केलीय गं ही."

मालक जेवायला आले होते. म्हणाले, "आण इकडं. एक फुंकर मारली की झालं." जाळी तोंडासमोर धरली आणि मारली.

काही झालं नाही.

ते स्वतःच हसले. "वल्ली झाली वाटतं," म्हणाले, आणि परत मारली. हळद हलली नाही. तिसऱ्यांदा छाती भरून घ्यायला गेले, तर श्वास अर्ध्यातच अडकला, खोकला सुरू झाला आणि ते उंबऱ्यावर बसले ते भिंतीला हात लावून. लेकीनं त्यांच्या हातातली जाळी घेतली. तिनं काही मुद्दाम केलं नाही, नुसती फुंकली, सुपातला कोंडा फुंकावा तेवढीच. पिवळा ढग उडाला आणि जाळी काळी झाली.

लेक बापाकडं बघत राहिली आणि मग माझ्याकडं. सरळ सांगते, मला भीती वाटली. पाइपाच्या दुसऱ्या टोकाचा गाळ उडवणारा माणूस तो.

नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं. तिथंही फुंकरच! काय काम करता विचारलं, आणि आमच्या मालकांनी त्यांनाच ऐकवलं, "हळदीनं कोनाला बाधतंय का साहेब? आमी तर औषध म्हनून घेतो."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "पोटात घेता ते ठीक आहे. तुम्ही ती इतकी वर्षं फुप्फुसात भरली." जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही म्हणाले. उरलंय ते जपा. शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. आणि घरी ऑक्सिजनचं मशीन लावा, खोलीतलीच हवा ओढून ऑक्सिजन देणारं.

परत खाटेवर लेक, परत हातात मोबाईल. हे घेऊ का ते घेऊ. आवाज किती करतं, लाइट गेली तर किती वेळ चालतं, उन्हाळ्यात तापतं का. तेच प्रश्न, त्याच क्रमानं. फक्त मालक शेजारी बसून "हे काय करतं?" विचारत नव्हते. आत पडून होते. मी माझ्या परीनं देवांना नको नको ते बोलले त्या दिवसांत.

मशीन आलं. लेकीच्या खोलीत ठेवलं, कारण तोवर तिनं खिडकीवर जाड प्लास्टिक ठोकून फटी चिकटपट्टीनं बुजवल्या होत्या, कॉम्प्युटरसाठी. जोडायला आलेल्या पोऱ्यानं नळी दाखवली, बटणं दाखवली आणि जाता जाता म्हणाला, "मागं जाळी आहे. दर आठवड्याला साफ करत जा." लेकीनं माझ्याकडं बघितलंच नाही. स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

कॉम्प्युटर ती आता सीझनभर चादरीत गुंडाळून ठेवते. मशीनला गुंडाळून ठेवता येतं.

ढोल दिरांकडं गेला. मी भांडले, साफ भांडले. म्हटलं, न्या तो गावाबाहेर, वावरात न्या. दीर वाईट माणूस नाही, भावासाठी रडलेला माणूस. पण म्हणाले, "वैनी, तिकडं लाइट न्हाई, रस्ता न्हाई. येवढा सीझन निघू द्या, मग बघू." गावाची हळद पॉलिश तर व्हायलाच पाहिजे. पॉलिश झाल्याशिवाय बाजारात तिला कोण विचारतं?

यंदा शिमग्यानंतर पुन्हा खडखड सुरू झाली. आम्ही दार लावून घेतलं, दाराखाली ओलं फडकं कोंबलं. ठरल्या दिवशी मी ऑक्सिजनच्या मशीनची मागची जाळी काढली.

पिवळी.

मालक नाकात नळी घालून उशीला टेकले होते. "काय निघालं?" म्हणाले. मी जाळी पदराखाली घेतली. त्यांनी परत विचारलं नाही. त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तशीच शेडमध्ये गेले. मोटारीचं लाल बटण दाबून ढोल बंद केला. ट्रॅक्टरवाले बघायला लागले. दीर पुढं आले, पापण्यांपर्यंत पिवळे, हुबेहूब भावासारखे. "काहून बंद केलं, वैनी?"

मी जाळी त्यांच्यापुढं धरली. "ही तुमच्या दादाच्या श्वासाच्या मशीनची."

"हळदच हाय ना वैनी," ते हसून म्हणाले.

"मग फुंका."

"आँ?"

"फुंका म्हन्ते न्हवं भावजी. माझ्यादेखत फुंका."

त्यांनी जाळी घेतली, ट्रॅक्टरवाल्यांकडं बघून डोळा मारला, गाल फुगवले आणि फुंकर मारली. एका कोपऱ्यातून थोडी हळद उडाली. बाकीची होती तिथंच होती. त्यांनी पुन्हा मारली. मग जाळीकडं बघत राहिले. तोंडावरचं हसू कधी गेलं ते त्यांनाही कळलं नसेल.

रांगेतल्या एकानं हॉर्न वाजवला. दिरांनी जाळी जपून माझ्या हातात दिली. "येवढ्या गाड्या लागल्यात वैनी," माझ्याकडं न बघता म्हणाले, "येवढ्या होऊ द्या." मग खांद्यावरचा रुमाल काढून झटकला, नाकावर बांधला आणि मोटारीचं हिरवं बटण दाबलं.