खाल्ली आणि खाल्लं

आमच्या कुत्र्याला कावीळ झाली असं आधी सगळ्यांनी मिळून ठरवलं. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, दिवसभर विहिरीजवळ पडून. माझी धाकटी जाऊ बाजूच्याच वावरात राहते. तिनं कुठून तरी काविळीची माळ आणली. ही माळ माणसाच्या डोक्यावर ठेवतात. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत वाढत खाली येते म्हणतात. जावेनं ती कुत्र्याच्या कानात अडकवली. त्यानं मान झटकली आणि माळ चिखलात पडली.

"पाह्य, उतरली लवकर," मी म्हटलं.

"तुमचं तं नेहमी वाकडंच राह्यते, बाई," ती म्हणाली आणि माळ धुऊन घरी घेऊन गेली.

आमचं वावर अमरावतीच्या बाहेर आहे. वांगी, मेथी, पालक लावतो. भाजी घेऊन संध्याकाळच्या बाजारात मी बसते, वावर म्हातारा पाहतो. म्हणजे माझा नवरा. त्याला ऐकू येत नाही. पोरीनं कानाची मशीन घेऊन दिली होती, ती त्यानं डब्यात घालून ठेवली, त्यात आवाज फार येतो म्हणतो. त्याचे कान म्हणजे हा कुत्रा. रानडुक्कर आलं, मागून ट्रॅक्टर आला, फाटकाशी कोणी उभं राहिलं, की कुत्रा उठून तिकडं तोंड करतो आणि म्हातारा कुत्र्याकडं पाहून समजतो. मागच्या पावसाळ्यात कुत्र्यानं धोतर धरून ओढलं नसतं, तर म्हाताऱ्याचा पाय सापावर पडत होता.

म्हणून लोक म्हणाले दुसरं पिल्लू आणा, तेव्हा मी ऐकलं नाही. पिल्लू मिळते. पण हे काम त्याला कोण शिकवणार? या कुत्र्यालाही कोणी शिकवलं नव्हतं, म्हाताऱ्याबरोबर राहून राहून आलं. तेवढी वर्षं आता म्हाताऱ्याजवळ आहेत की नाहीत कोण जाणे. हा कुत्रा गेला तर म्हाताऱ्याला वावरात एकटा सोडता येणार नव्हता, आणि वावर सोडून म्हातारा जगणार नव्हता. गोष्ट एवढीच होती.

अमरावतीच्या डॉक्टरनं कुत्र्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या फटक. त्यानं रक्त तपासलं आणि सांगितलं की गोचिडाचा ताप नाही, साधी कावीळ नाही, अंगातलं रक्तच फुटून राहिलं आहे. रक्त चढवावं लागेल, अकोल्याला न्या.

अकोल्याला आमची पोरगी दिलेली आहे. आमची भाजी नेणारा छोटा हत्ती टेम्पो होता, त्यात पोत्यावर कुत्रा टाकला आणि मी बाजूला बसले. मूर्तिजापूरपर्यंत त्यानं डोळा उघडला नाही. तिथं थांबून पाणी पाजलं तर दोन घोट प्यायला.

तिथल्या दवाखान्यात कागद करणाऱ्यानं विचारलं, "नाव?"

"कुत्रा."

"कुत्रा दिसते मले, आजी. नाव सांगा."

"आमी यू यू म्हणतो."

त्यानं काय लिहिलं मी पाहिलं नाही.

डॉक्टर तरुण बाई होती. आमच्याच बाजूची असावी, बोलणं साफ होतं. ती म्हणाली, "आजी, कुंपणच शेत खाऊन राह्यलं. बाहेरच्या रोगाशी लढाले अंगात जे असते, त्यानं याच्याच रक्ताले दुश्मन समजलं."

"मंग कुंपण तोडायचं का?"

"तोडायचं नाई. गोळ्यांनी ढिलं करायचं. रक्त फुटणं थांबलं की गोळी थोडी थोडी कमी करत पुन्हा आवळायचं. महिने लागतात. मधातच गोळी सोडाल तं पुन्हा पहिल्यापासून. आणि तेव्हा हा वाचंल की नाई, मी सांगू शकत नाई."

हे मी नीट ऐकलं. पोरीनंही ऐकलं. म्हातारा तिथं नव्हता.

रक्त द्यायला मोठा, धडधाकट कुत्रा पाहिजे होता. पोरीच्या शेजारी एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांचा लॅब्राडोर आहे. मास्तर भला माणूस. कुत्र्याला घेऊन आले, पण टेबलाजवळ आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुमचा कोणत्या जातीचा?"

"गावरान."

"मग चालेल का? जात वेगळी पडते."

"मास्तर, शाळेत हेच शिकवत होते का?" मी म्हटलं.

डॉक्टरीण हसली. "रक्ताचे गट वेगळे असतात, मास्तर, ते जातीवर नसतात. कुत्र्यात पहिल्या वेळेस बहुतेक कोणतंही चालून जाते. दुसऱ्या वेळेस मात्र जुळवून पाहावंच लागते, आणि जुळेलच असं नाही."

लॅब्राडोर आडवा पडून राहिला, त्याच्या मानेतून रक्त काढलं, नंतर त्याला बिस्किटं दिली. आमच्याच्या पायात सुई घातली आणि थेंब थेंब सोडलं. ते संपत आलं तेव्हा त्यानं मान उचलली आणि दाराकडं तोंड केलं. दारात कोणी आलं होतं.

पुढं रोज तपासायला न्यायचं म्हणून मी पोरीच्या घरी राहिले. लेकीच्या घरी राहायची आमच्यात पद्धत नाही. माझी माय माझ्या घरचं पाणी न पिता मेली. जावई काही बोलले नाहीत. विहीणबाई त्याच घरात राहतात, त्या बोलल्या.

"दुसऱ्या नातवाच्या येळेस तुमी दोन दिस नाई राह्यल्या, विहीणबाई. कुत्र्यासाठी राह्यल्या."

"नातवाले तुमी होत्या," मी म्हटलं. "कुत्र्याले कोण हाय?"

त्यावर त्यांनी पान लावलं आणि मलाही एक दिलं. नंतर आमचं बरं जमलं. गोळ्यांनी कुत्र्याला तहान लागायची, तो पाणी पिऊन पिऊन फरशीवरच मुतायचा. मी पुसायची आणि विहीणबाई पाय वर घेऊन बसायच्या. भूकही अशी लागली की त्यानं एक दिवस त्यांच्या पुढ्यातली पोळी नेली. त्या ओरडल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पोळी जास्तीची केली.

रक्त वाढायला लागल्यावर डॉक्टरीणबाईनं घरी सोडलं. सकाळी गोळी, संध्याकाळी गोळी, ठरवून देईल तशी कमी करायची, आणि मधून मधून अमरावतीला रक्त तपासायचं. सकाळची मी भाकरीत लोणी लावून द्यायची. संध्याकाळी मी बाजारात असते, म्हणून ती म्हाताऱ्याकडं. पोरीनं फोनवरून त्याला ओरडून ओरडून सांगितलं, मीही सांगितलं. त्यानं मान हलवली.

बाजारातून आल्यावर मी रोज विचारायची, "खाल्ली का?"

तो म्हणायचा, "खाल्लं, खाल्लं."

बाजारात ओरडून घसा बसलेला असतो, घरी येऊन पुन्हा म्हाताऱ्याशी ओरडायचं. त्यानं मान हलवली की मी चुलीकडं वळायची. मी गोळीचं विचारत होते, तो जेवणाचं सांगत होता.

आणि कुत्रा खात होताच. सकाळी दोन भाकरी, दुपारी जे मिळेल ते. जावेच्या अंगणातला कोंबड्यांचा कोंडाही खाल्ला. पोट सुटलं होतं. बाजारातल्या बायका म्हणायच्या, जीव वाचला हो तुमच्या कुत्र्याचा. आमच्याकडं जनावर बरं झालं की नाही हे ठरवायची एकच रीत आहे. बैल वैरणीला तोंड लावते त्या दिवशी डॉक्टर बंद.

मग एका सकाळी त्यानं लोणी लावलेली भाकर हुंगली आणि सोडून दिली. मी ओठ वर केला. पांढरा.

मी संध्याकाळच्या गोळ्यांची डबी काढली. ती भरलेली होती. म्हाताऱ्यापुढं धरली आणि जोरात ओरडले, "हे काय हाय?"

"गोळ्या हायेत," तो म्हणाला.

"देल्या काहून नाई?"

"खाऊन राह्यला होता ना. खाते त्या जनावराले गोळी कायले? गरम पडते." मग माझं तोंड पाहून म्हणाला, "तू रोज इचारत होती, खाल्लं का. म्या सांगत होतो, खाल्लं."

मी त्याच्याशी भांडले नाही. छोटा हत्ती फाटकाशी आला होता, भांडायला तो थांबवावा लागला असता.

या वेळी म्हातारा गाडीत बसला. बोलावलं नव्हतं. वावर जावेच्या भरवशावर टाकलं आणि पोत्यावर कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन अकोल्यापर्यंत आला. पोरीच्या गावी तो आजवर एकदाच, तिच्या लग्नाला गेला होता.

मास्तर लॅब्राडोर घेऊन पुन्हा आले. दोघांच्या रक्ताचा थेंब एकत्र करून पाहिला तर फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. डॉक्टरीण म्हणाली हे चढवलं तर आताच मरेल. दुसरे दोन कुत्रे आणले, त्यांचंही जुळलं नाही. मग तिनं गोळी वाढवली, सोबत आणखी एक औषध सुरू केलं आणि सांगितलं की आता वाट पाहायची. याचं अंग नवं रक्त करून राहिलं आहे. फुटणं आधी थांबते की रक्त आधी संपते, तेवढंच पाहायचं.

म्हाताऱ्याला हे सगळं ऐकू गेलं नाही. त्यानं विचारलं, "खाल्लं तं बरा होईन ना?"

डॉक्टरीण त्याच्या कानाजवळ गेली आणि ओरडली. सगळ्या दवाखान्यानं ऐकलं. "बाबा! ती भूक कुत्र्याची नव्हती! गोळीची होती!"

त्यानं कुत्र्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "मंग बरा झाला हे समजाचं कशावरून?"

तिनं त्याचा अंगठा धरला आणि कुत्र्याच्या हिरडीवर दाबला. सोडल्यावर तिथं रंग किती लवकर परत येतो ते पाहायचं. त्या दिवशी पाहण्यासारखा रंगच नव्हता. मग तिनं पिशवीतून आलेल्या एका पामेरियनचा ओठ वर करून चांगली हिरडी दाखवली. त्याच्या मालकिणीनं नाक मुरडलं, पण नाही म्हटलं नाही.

म्हातारा पोरीकडं राहिला. विहीणबाईंनी त्याला काही टोमणे मारले असतील, त्याला ऐकू आले नाहीत. रोज दवाखान्यात जाऊन तो अंगठा दाबायचा. पांढरं, पांढरं, पांढरं. मी अमरावतीला परतले होते, वांगी तोडायला आली होती. एक दिवस पोरीचा फोन आला. "माय, बाबा म्हणते कांद्याच्या सालीएवढा रंग आला."

"कोणत्या कांद्याच्या?" मी विचारलं. "पांढऱ्या का लाल?"

पोरीनं त्याला विचारलं. "लाल म्हणते."

पुढचं सगळं हळू झालं. अकोल्याच्या चकरा, अर्धी गोळी, पाव गोळी. कुत्र्याच्या मांड्या उतरल्या, केस गळले, रानडुकरामागं धावणं बंद झालं. डुकरं आत येऊ नयेत म्हणून आम्ही वावराच्या काठानं जुन्या साड्या बांधल्या. म्हाताऱ्याच्या मागं मागं चालण्याएवढा तो राहिला आणि आम्हाला तेवढाच पाहिजे होता.

या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईनं रक्त पाहून सांगितलं, आता गोळी बंद करा. नजर ठेवा, उलटू शकते, पण बंद करा.

म्हातारा म्हणाला, नाही. मागच्या वेळेस बंद केली तर काय झालं? मी सांगितलं, पोरीनं सांगितलं, डॉक्टरीणबाई फोनवर ओरडली. तो उरलेल्या गोळ्या घेऊन खाटेवर बसून राहिला. शेवटी मी त्या त्याच्या हातातून काढून घेतल्या.

आता तो सकाळी चहाच्या आधी कुत्र्याचा ओठ वर करतो, दाबतो, सोडतो आणि मला हाक मारतो. त्याची नजरही आता कमी झाली आहे. रंग कोणता ते मी सांगायचं असतं.