रंग पुरा होईपर्यंत

बर्निस हुडॉकच्या घराला लोक शेवटपर्यंत ‘स्टीव्हचं घर’ म्हणत राहिले, आणि ते आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. स्टीव्ह, म्हणजे तिचा नवरा, माणूस वाईट नव्हता. पण त्या घराला त्याचा हात लागला तो दार उघडण्यापुरता आणि लावण्यापुरता.

मी हे छातीठोकपणे सांगते, कारण आम्हा दोघींमध्ये एकच भिंत होती. आमच्या नॅन्टिकोक गावातली निम्मी घरं अशीच आहेत, कोळशाच्या खाणी जोरात होत्या त्या काळातली जोडघरं. छप्पर एक, ओसरी एक, मधोमध भिंत आणि दारं दोन. एका दारात मी, डोलोरस, आणि दुसऱ्यात ती. तिचा रेडिओ मला ऐकू यायचा आणि माझी भांडणं तिला. त्यामुळे त्या घरात कोण राबलं, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

खाणी बंद पडल्या तेव्हा गावातले पुरुष घरी बसले आणि बायका ड्रेसच्या कारखान्यांत गेल्या. बर्निस कॉलर शिवायची. दिवसभर नुसत्या कॉलर. अख्खा ड्रेस कसा दिसतो ते तिला दुकानाच्या काचेतूनच कळायचं. संध्याकाळी दमून घरात पाऊल टाकलं की स्टीव्ह खुर्चीतून विचारायचा, आज जेवायला काय? मग ही बाई कोट न काढता कोबी चिरायला घ्यायची. मी तिला म्हणायचे, अगं, एकदा तरी ते पातेलं त्याच्या डोक्यात घाल. ती म्हणायची, पातेलं चांगलं आहे, पोचा येईल.

त्याच कॉलरींच्या पगारातून तिने घराला ॲल्युमिनियम लावून घेतलं. लाकडी भिंतींवर रंगवलेल्या ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या ठोकायच्या, की पुन्हा आयुष्यात रंगकाम नको, असं सांगत तेव्हा विक्रेते दारोदार फिरत. बर्निसने फिकट हिरवा रंग निवडला. विक्रेत्याने सहीचा कागद स्टीव्हपुढे सरकवला आणि स्टीव्हने तो तिच्यापुढे सरकवला. तरी पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळे स्टीव्हच्या पाठीवर थाप मारत होते, वा, घर काय झकास केलंस म्हणून. आणि तो खुशाल मान डोलवत होता. बर्निस शेजारी उभी राहून हातमोजे घालत होती. मी तिच्या जागी असते तर तिथेच तमाशा केला असता.

विक्रेत्यांचं बोलणं किती खरं असतं ते आपल्याला ठाऊक आहेच. तीसेक वर्षं गेली आणि त्या पट्ट्यांवरच्या रंगाची भुकटी व्हायला लागली. भिंतीवरून हात फिरवला की तळवा पांढरा. तोवर स्टीव्हही गेला होता, मुलं आपापल्या संसाराला लागली होती, आणि सत्तरी ओलांडलेली बर्निस घरात एकटी होती. तिला त्याचं काही दुःख नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःला हवं तेव्हा जेवत होती.

मग तो ईस्टर आला. तिचा मुलगा रॉनल्ड आणि सून शेरिल जेवायला आले होते, आणि मलाही तिने बोलावलं होतं. शेरिलने नवाकोरा गडद निळा कोट घातला होता. ओसरीवर गप्पा मारता मारता ती भिंतीला टेकली, आणि वळली तेव्हा पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढऱ्या आडव्या रेघा. आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले. शेरिल हसली नाही.

जेवताना रॉनल्डने काटा खाली ठेवला आणि घसा साफ केला. आता हा भाषण देणार, हे मी ओळखलं.

“आई, हे घर आता तुला झेपत नाही,” तो म्हणाला. “उंच बिल्डिंगमध्ये एक खोली रिकामी होतेय. मी चौकशी करून ठेवलीय.”

उंच बिल्डिंग म्हणजे गावातली म्हाताऱ्यांसाठीची इमारत. तिथून कोणी परत येत नाही, इतकंच तिच्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे.

“रिकामी होतेय म्हणजे? कोण गेलं?” बर्निसने विचारलं.

रॉनल्डला ते माहीत नव्हतं. त्याने तिला लिफ्टबद्दल सांगितलं, आठवड्यातून एकदा डॉक्टर येतो ते सांगितलं, फ्लोरिडातल्या बहिणीशी आधीच बोलणं झालंय हेही सांगितलं. म्हणजे दोघांनी फोनवर परस्पर सगळं ठरवून टाकलं होतं, आणि जिला घरातून उचलायचं तिला हॅमचे तुकडे चघळताना कळवत होते. तेही कशावरून, तर एका कोटावरून! पण बर्निसने शांतपणे अक्रोडाचं सारण भरलेला नट रोल कापला, सगळ्यांना वाढला, आणि मग बोलली.

“मी घर रंगवणार आहे. माझ्या हाताने. रंग पुरा होईपर्यंत घराचा विषय कोणी काढायचा नाही. पुरा झाला की ये, बघ, आणि मग सांग झेपतं की नाही ते.”

रॉनल्ड हसला आणि टेबलावरून हात पुढे करून कबूल म्हणाला. जूनपर्यंत ही शिडी टाकून देईल, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती रंगाच्या दुकानात गेली. मी बरोबर होते. गल्ल्यावरच्या बाप्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, ॲल्युमिनियम रंगवायचं म्हणजे खटपटीचं काम, तुमच्या मिस्टरांनाच पाठवा, मी त्यांना समजावतो. “पाठवते,” बर्निस म्हणाली, “पण त्यांना यायला जरा वेळ लागेल.” मग तोच फिकट हिरवा घेऊन ती बाहेर पडली.

तिचं काम बघण्यासारखं होतं. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन ती प्रत्येक पट्टी खालून वर धूत जायची. वरून धुतलं तर ओघळ सुकून कायमचे उमटतात. भुकटीचं दुधासारखं पाणी फुलझाडांच्या वाफ्यात उतरायचं आणि ती पाइप धरून ते पळवायची. बोट फिरवून ते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा धुवायचं. जिथे नुसता धातू चमकत होता तिथे पॉलिश पेपर, मग प्रायमर म्हणजे अस्तराचा हात, आणि मग रंग. आधी पट्टीची खालची कड, नंतर अंग. ऊन ज्या बाजूला असेल तिच्या उलट बाजूला शिडी. मी शिडी धरायचे आणि वर बघून बघून माझी मान आखडायची.

गल्लीतले रिकामटेकडे पुरुष रोज येऊन सल्ले देऊन जायचे. ज्यांनी स्वतःच्या ओसरीचा मोडका कठडा पाच वर्षांत बसवला नव्हता, ते हिला ब्रश कसा धरायचा ते सांगत. एक जण म्हणाला, स्टीव्ह असता तर त्याने हे आठवड्यात उरकलं असतं. मी शिडी सोडून त्याच्या अंगावर जाणार होते, पण वर बर्निस होती.

सप्टेंबर उजाडला तेव्हा घर नव्यासारखं दिसत होतं. माडीच्या खिडक्यांच्या वरचा, छपराखालचा तेवढा भाग उरला होता. आमच्याकडे कामगार दिन सप्टेंबरातच येतो, त्या सुट्टीला रॉनल्ड आला. त्याच्याबरोबर चकचकीत बुटांतला एक अनोळखी माणूस होता. बर्निस शिडीवर होती.

रॉनल्डने तिचं अर्धं घर तिन्ही बाजूंनी फिरून बघितलं. भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि मान वर केली. “आई, कमाल केलीस,” तो म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला. वर बर्निसचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा शहाणा माफी मागणार.

“बघा, मी म्हटलं नव्हतं?” तो त्या माणसाला म्हणाला. मग पुन्हा वर बघून, “आई, हे गृहस्थ घरं विकून देतात. असा रंग असला की भाव चांगला येतो. हीच वेळ आहे.”

तो बूटवाला पुढे झाला, टोपी काढली आणि म्हणाला, “स्टीव्हसाहेबांनी घर फार छान राखलंय.”

स्टीव्ह केव्हाच मातीत गेलेला. बाई समोर शिडीवर, कोपरापर्यंत हिरवी. आणि याला घर राखलेलं दिसलं ते मेलेल्या माणसाने! एक अख्खा उन्हाळा ती बाई राबली ती या घरात राहायला मिळावं म्हणून, आणि तिच्याच घामाने पोरगा घराला गिऱ्हाईक शोधत होता. याला हात दाखवून अवलक्षण म्हणावं तर तसंही नाही. हात तिने दाखवला नव्हता, यांनी पकडून ओढला होता. मी शिडीवरचा एक हात काढून त्या बूटवाल्यावर बोट रोखलं, तर बर्निसने वरून सांगितलं, डोलोरस, नीट धर.

ती सावकाश खाली उतरली. रंगाच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि हातोडीच्या दांड्याने ते चारी बाजूंनी ठोकलं. बूटवाल्याने वर बघितलं आणि म्हणाला, आता तेवढंच राहिलंय की, एका दिवसाचं काम.

“हो,” बर्निस म्हणाली. “एकाच दिवसाचं.”

“मग उद्या पुरं होईल,” रॉनल्ड म्हणाला.

“रॉनी, रंग पुरा होईपर्यंत विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. तो पुरा झालेला नाही. यांना गाडीपर्यंत सोडून ये, आणि जेवायला थांबणार असशील तर हात धू.”

त्यानंतर दर मे महिन्यात ती शिडी बाहेर काढायची. भिंतीला लावायची. डबा उघडून रंग ढवळायची. मग कधी ऊन फार असायचं, कधी वारा, कधी पावसाची लक्षणं. डबा बंद, शिडी आत. गावात हसू झालं. म्हातारी चळली म्हणाले, आळशी म्हणाले. आळशी! फादरही एकदा येऊन समजावून गेले, की अर्धवट सोडलेलं काम बरं नव्हे. तिने त्यांना कॉफी दिली आणि चर्चच्या गळक्या छपराची विचारपूस केली.

रॉनल्ड वाईट मुलगा असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो दर रविवारी फोन करायचा, औषधं आणून द्यायचा, बर्फ पडलं की येऊन तिच्या आणि माझ्याही पायऱ्या मोकळ्या करायचा. एका शनिवारी तो जुने कपडे घालून स्वतःच ब्रश घेऊन आला. म्हणाला, आई, तू बस, मी पुरं करतो. बर्निस ओसरीवर आली आणि शिडीच्या पायरीवर हात ठेवून उभी राहिली.

“मी या शिडीवर चढले ती इथे राहायला,” ती म्हणाली. “तुला हे पुरं झालेलं बघायचंच असेल, तर मला पेटीत घालून चर्चमधून बाहेर नेल्यावर ये.”

तो कसंनुसं हसला. ब्रश गाडीत ठेवून जेवायला बसला.

बर्निस त्याच घरात, स्वतःच्या पलंगावर गेली. जून महिना होता. आदल्या संध्याकाळी तिने भिंतीवर ठोकून मला विचारलं होतं, तुझ्याकडे बडीशेप आहे का म्हणून.

आणि रॉनल्ड आला. तिला पुरून आठवडाही झाला नव्हता. बरोबर भाड्याचा एक रंगारी. त्याने शिडी लावली, डबा उघडला आणि थेट भुकटीवर ब्रश ठेवायला निघाला. मी बाहेर आले आणि म्हटलं, आधी धुवून घ्या, नाहीतर एका हिवाळ्यात पोपडे सुटतील.

“धुवायचं कशाला, डोलोरस मावशी?” रॉनल्ड म्हणाला. “विकायचंच तर आहे.”

मी त्याला जे बोलले ते छापण्याजोगं नाही. त्यातला एक शब्दही मी परत घेणार नाही.