सशाने धोतर सोडले

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, सिंदी मेघेतल्या आमच्या शेजारच्या बालवाडीच्या भिंतीवरील सशाने धोतर सोडले असून यापुढे तो जीन्समध्येच वावरेल.

हे कृत्य आमच्या पेंटरचे. वीस वर्षांपूर्वी तो ससा त्यानेच रंगवला होता. नव्या बाईंना मात्र त्या जागी फ्लेक्स हवा होता. "आजच्या मुलांना धोतर कळतं का?" त्या म्हणाल्या. पेंटरने दोन दिवस मागून घेतले. "नवे पोरं हसले नाई, किंवा जुन्या पोराईनं ससा ओयखला नाई, तं खुशाल फ्लेक्स लावजा, बाई."

हा माणूस ब्रश टेकवण्याआधी चित्राची परवानगी घेतो. मी स्वतः ऐकले आहे, "काऊन भाऊ, तुले टोपी उलटी घालू का?" मग उत्तर येईपर्यंत तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत थांबतो. जीन्स झाली, मोबाइल झाला आणि शेपटीपाशी काम अडले. अर्धा दिवस तो भिंतीसमोर उकिडवा बसून होता. शेवटी त्याने जीन्सला मागून शेपटीपुरते काज केले, बटणासकट! डोळ्यांना मात्र हात लावला नाही. "थे त्याचे सोताचे हाय," म्हणाला.

बालवाडी उघडली. पोरे हसत सशाचा मोबाइल मागू लागली. तरी बाईंचा चेहरा फ्लेक्ससारखाच ताणलेला. पेंटर फाटकाशी उभा, खर्रा तोंडात तसाच. तेवढ्यात इथेच शिकलेली एक आई लेकीला घेऊन आली. तिने सशाच्या डोळ्यांत पाहिले, चटकन डोक्यावर पदर घेतला आणि ओरडली, "अगं माय! तुमी अजून इथंच हाय का, ससेराव?"